साल संपताना
(अभ्यासपाठ)

शास्त्रवाचन: उत्पत्ति ३०:२५-३४ आणि ३१ वा अध्याय, अनुवाद १५:१२-१५, १ शमुवेल १२:१-५



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पाडवा जवळ आलेला असेल. आपल्या जिल्ह्यात पाडवा आला की गावोगावी सालगड्यांचे बोलणे सुरू होते. शेतावर वर्षभर राबणाऱ्या गड्याचे साल एका पाडव्याला सुरू होते आणि दुसऱ्या पाडव्याला संपते. त्या दिवशी मालक आणि गडी समोरासमोर बसतात. वर्षात किती उचल घेतली, किती खाडे झाले, किती देणे राहिले याचा हिशेब होतो. मग पुढचे साल त्याच घरी धरायचे की दुसरीकडे जायचे, हे ठरते. गडी दुसऱ्याकडे गेला तरी त्याला कोणी पळून गेला म्हणत नाही. साल भरले, हिशेब झाला, गडी गेला. आठ दिवसांनी बाजारात भेट झाली तर दोघे राम राम घालतात.

या पद्धतीत गड्यावर अन्याय होत नव्हता असे मी म्हणणार नाही. उचलीच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या माणसे अडकवून ठेवली गेली. म्हणून तर १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा करावा लागला. कर्ज दिले म्हणून माणसाला कामावर बांधून ठेवता येत नाही, आणि असे बांधून ठेवणारे कर्जच रद्द होते, असे तो कायदा सांगतो. आपल्या वाचकांपैकी ज्यांची शेती आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे. पण त्या जुन्या रीतीत एक गोष्ट चांगली होती. काम सोडण्याला एक दिवस होता, एक बैठक होती, आणि जाणे उजेडात होत होते.

शिकून बाहेर पडलेल्या आपल्या मुलामुलींना कामाला लावून देण्याची जबाबदारी काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. कोणी दवाखान्यात लागते, कोणी शाळेत, कोणी जिनिंगमध्ये, कोणी नागपूरकडच्या कारखान्यात. नोकरी मिळवून देणे अवघड असते हे खरे, पण ती सोडण्याच्या वेळी जे होते ते जास्त त्रास देते. ते नेहमी एकाच तऱ्हेने होते. पोळ्याला किंवा दिवाळीला मुलगा घरी येतो. परत जायचा दिवस निघून जातो. सुपरवायझर फोन करतो, फोन बंद. मग तो मला फोन करतो आणि शेवटी एक वाक्य ऐकवतो, "तुमची पोरं अशीच."

हे वाक्य मला फार लागते. एक मुलगा न सांगता निघून जातो आणि त्याच्या पोडावरच्या पुढच्या पाच मुलांसाठी ते दार बंद होते. शहरातला एखादा मुलगा असा गेला तर लोक त्या एकट्याला नावे ठेवतात. कोलामाचा मुलगा गेला तर सगळ्या कोलामांना ठेवतात. हा न्याय नव्हे, पण आपल्या मुलांना याच जगात काम करायचे आहे.

ती न सांगता का जातात, हे मी त्यांना विचारले आहे. आळस हे कारण फार थोड्यांचे निघाले. बहुतेकांना साहेबाच्या तोंडावर "मी जातो" म्हणण्याची भीती वाटते. पोडावर भांडण झाले तर नाईकासमोर बसून मिटते, तिथे आपली माणसे असतात, आपली भाषा असते. कारखान्यात नाईक नसतो. मराठी बोलताना चुकले तर हसतील, साहेब रागावतील, पगार अडवतील. त्यापेक्षा गप्प राहावे आणि एक दिवस जाऊ नये, हे त्यांना सोपे वाटते.

याकोबालाही तसेच वाटले होते.

याकोबाचे जाणे

उत्पत्तीचा ३१ वा अध्याय आपण बहुतेक वेळा याकोबाच्या घरची गोष्ट म्हणून वाचतो. या वेळी तो एका कामगाराची गोष्ट म्हणून वाचा. याकोबाने मामाकडे वीस वर्षे चाकरी केली, चौदा वर्षे मुलींसाठी आणि सहा वर्षे कळपासाठी. दिवसा ऊन, रात्री थंडी, डोळ्याला डोळा नाही. जनावराने फाडलेल्या मेंढराची भरपाई त्याने स्वतःच्या अंगावर घेतली. आणि मालकाने त्याचे वेतन दहा वेळा बदलले. ही तक्रार याकोबाच्या तोंडून येते तेव्हा आपल्या भागातल्या कितीतरी लोकांची हकिकत ऐकल्यासारखे वाटते.

आता मागे ३० व्या अध्यायात जा. तिथे याकोबाने एकदा रीतसर परवानगी मागितली होती. मला माझ्या ठिकाणी जाऊ दे, मी कशी चाकरी केली ते तुला ठाऊक आहे, असे तो लाबानाला सरळ म्हणाला. लाबानाने त्याला थांबवून घेतले, वेतन तूच सांग म्हणाला, आणि शब्द दिल्यानंतर लगेच फसवले. म्हणजे याकोब मुळातच पळपुटा नव्हता. त्याने सांगून पाहिले होते, त्याचा उपयोग झाला नव्हता, म्हणून दुसऱ्या वेळी तो न सांगता निघाला. न सांगता जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे असे एखादे "सांगून पाहिले होते" असू शकते. सुपरवायझरचा फोन येतो तेव्हा मी आता आधी हे विचारतो.

दुसऱ्या वेळी निघण्याआधी याकोबाने राहेल आणि लेआ यांना शेतात बोलावून घेतले आणि त्यांच्याशी विचारविनिमय केला. हे त्याने बरोबर केले. घरच्यांना न विचारता काम सोडणारा आणि घरच्यांनी फोनवर "ये" म्हटले म्हणून त्याच दिवशी उठून येणारा, दोघांनी हा भाग वाचावा. पण लाबान मेंढरे कातरायला गेला असताना, त्याला सुगावा लागू न देता, याकोब नदी ओलांडून गेला. तिसऱ्या दिवशी लाबानाला कळले. सात दिवस पाठलाग करून त्याने गिलादाच्या डोंगरात त्याला गाठले. तिथे तो म्हणतो की सांगितले असतेस तर गाणे-बजावणे करून निरोप दिला असता, लेकी-नातवंडांचे मुकेही तू मला घेऊ दिले नाहीस. लाबानाच्या तोंडी हे थोडे खोटे वाटते. तरी त्यातल्या लेकी-नातवंडांच्या बोलण्यात मला खरे दुःख दिसते. न सांगता गेलेला माणूस मागे राहिलेल्या वाईट मालकालाही एक खरी तक्रार देऊन जातो. वीस वर्षे जो दोषी होता तो त्या दिवशी फिर्यादी झाला.

राहेलच्या उंटाखाली

याच गोष्टीत राहेल बापाच्या घरातल्या मूर्ती चोरून आणते आणि उंटाच्या खोगिरात लपवून वर बसते. याकोबाला याचा पत्ताही नाही. तो छातीठोकपणे सांगतो की शोधा, सापडले तर बघा. हा प्रसंग वाचताना मी अस्वस्थ होतो. त्याचे कारण सांगतो.

माझी पहिली नोकरी एका शाळेत होती. ती कोणती, हे सांगण्याची गरज नाही. मुख्याध्यापकांशी पटत नव्हते. दिवाळीच्या सुटीत घरी आलो, दुसरीकडे काम मिळाले आणि मी परत गेलोच नाही. राजीनामा टपालाने पाठवला, तोही पंधरा दिवसांनी. माझा पुढचा पगार त्यांनी दिला नाही, म्हणून मनात राग होता. मला वाटत होते, नुकसान झाले ते माझे. नाताळच्या आधी बॅग झटकताना तळाशी एक किल्ली निघाली. माझ्या वर्गाच्या कपाटाची. त्या कपाटात मुलांचे जातीचे दाखले होते, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मी गोळा केलेले. किल्ली घेऊन मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा कुलूप तोडून झाले होते. पण अर्जाची तारीख आधीच गेली होती. तीन मुलांची त्या वर्षीची शिष्यवृत्ती बुडाली. त्यांतल्या एकाची आई शाळेच्या ओट्यावर बसली होती. ती मला काही बोलली नाही. मराठी तिला फारसे येत नव्हते.

मुख्याध्यापक चुकीचे होते की मी, हे आता मला नीट आठवतही नाही. ती बाई आठवते. मी भांडलो एका माणसाशी, आणि त्याचा दंड भरला दुसऱ्यांनी.

म्हणून मुलांना माझे पहिले सांगणे असते की निघण्याआधी बॅग तपासा. खोगिरात काय आहे ते पाहा. किल्ल्या, रजिस्टर, गणवेश, ओळखपत्र, ऑफिसचा मोबाइल, पासवर्ड. परिचारिका असाल तर कोणत्या बाळंतिणीचा दुसरा डोस राहिला आहे, कोणत्या मुलाचे वजन पुन्हा करायचे आहे. ही माहिती आपल्या डोक्यात असते आणि आपल्याबरोबर निघून जाते, कपाटाच्या किल्लीसारखीच. एका वहीत लिहून काढायला संध्याकाळचा एक तास पुरतो. नवीन येणाऱ्या बाईला ती वही दिली तर तिला पहिल्या महिन्यात शिव्या खाव्या लागत नाहीत.

बोलायचे कसे

आधी आपल्या लगतच्या साहेबाला सांगावे, तोंडी आणि एकट्यात. मित्रांना आधी आणि साहेबाला नंतर, असे झाले की बातमी चहाच्या टपरीवरून त्याच्याकडे पोहोचते आणि मग तो दुखावतो. ज्यांना बोलण्याची भीती वाटते त्यांनी दोन वाक्ये घरी पाठ करून जावे. आमच्याकडे मुले अशी तालीम करतात. एक साहेब होतो, दुसरा बोलतो, बाकीचे हसतात. पण चौथ्या वेळी आवाज कापत नाही.

तोंडी बोलणे झाल्यावर राजीनामा लिहावा. चार ओळी पुरतात: कोणत्या तारखेपासून काम सोडत आहे, शेवटचा दिवस कोणता, आणि इथे शिकायला मिळाले त्याबद्दल आभार. नेमणुकीच्या पत्रात किती दिवसांची नोटीस लिहिली आहे ते आधी पाहावे. अनेक ठिकाणी ती एक महिन्याची असते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्यावा, ती प्रत जपून ठेवावी. राजीनाम्यात राग लिहू नये. तो कागद फाइलमध्ये वर्षानुवर्षे राहतो, आपला राग मात्र दोन महिन्यांत उतरतो.

आपलेही मागून घ्यावे. अनुभवाचे प्रमाणपत्र, शेवटच्या पगाराचा हिशेब, भविष्य निर्वाह निधीचा बारा अंकी यूएएन क्रमांक. हा क्रमांक नोकरी बदलली तरी बदलत नाही, नव्या ठिकाणी तोच द्यायचा असतो. आपली कितीतरी मुले तो सांगत नाहीत, दुसऱ्या ठिकाणी नवीन खाते उघडले जाते आणि जुने पैसे पडून राहतात. आणखी एक. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांच्या मूळ प्रती नोकरीच्या ठिकाणी ठेवायला देऊ नयेत. मूळ दाखवावे, झेरॉक्स द्यावी. मूळ कागद अडकले की माणूस अडकतो.

इथे एक अपवाद ठळकपणे सांगितला पाहिजे. जिथे मारहाण आहे, डांबून ठेवणे आहे, किंवा मुलीच्या अंगावर हात टाकला जातो, तिथे नोटिशीचे दिवस मोजत बसू नये. त्याच घडीला निघावे आणि आम्हाला, पाळकांना किंवा पोलिसांना कळवावे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे महिलांच्या तक्रारीसाठी समिती असावीच लागते. लहान ठिकाणी काम करणाऱ्या किंवा घरकाम करणाऱ्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. सहनशीलतेचा उपदेश अशा ठिकाणी करू नये. काही वडील मंडळी तो करतात, म्हणून लिहिले.

नव्या ठिकाणी गेल्यावर एक मोह होतो, जुन्या ठिकाणची निंदा करण्याचा. ऐकणाऱ्याला गंमत वाटते, पण तो मनात नोंद करतो की उद्या हा आपल्याबद्दलही असेच बोलेल. दुसरा मोह म्हणजे "आमच्याकडे असे नव्हते" हे वाक्य. पहिले सहा महिने ते गिळावे. जेवणाच्या सुटीत कोपऱ्यात एकटे बसू नये, डबा घेऊन चौघांत बसावे. आपली मुले लाजून दूर बसतात आणि लोकांना वाटते, गर्विष्ठ आहेत. एका मुलीने मोहफुलाचे लाडू डब्यात नेले. तोवर तिच्या शेजारी न बसणाऱ्या बायका त्या दिवशी तिच्या डब्याभोवती जमल्या आणि कृती विचारू लागल्या.

दोन माणसे

नारायण वामन टिळकांच्या आयुष्यात दोन्ही तऱ्हा दिसतात. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले आहे त्यांना ठाऊक आहे की तरुण टिळक एका जागी टिकत नसत. नोकरी धरत, सोडत, गाव बदलत. नागपूर आणि राजनांदगाव ही आपल्या बाजूची गावेही त्या भटकंतीत आहेत. मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंना काय सोसावे लागले ते त्यांनी हसत हसत लिहिले आहे, पण सोसणे ते सोसणेच. १८९५ साली त्यांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि पुढची पुष्कळ वर्षे त्यांनी अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. १९१७ साली त्यांनी ते मिशनही सोडले. या वेळी कारण भांडणाचे नव्हते. परदेशी पैशाच्या आणि संस्थेच्या चौकटीबाहेर, या देशाच्या रीतीने ख्रिस्ताची सेवा करावी असे त्यांना वाटत होते. ते साताऱ्याला गेले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. मिशनची नोकरी सुटली, पण मिशनमधल्या माणसांशी आणि 'ज्ञानोदया'शी त्यांचे नाते तुटले नाही. १९१९ साली ते वारले. सोडण्याची सवय असलेला हाच माणूस मोठ्या गोष्टीसाठी सोडताना नाते राखू शकला, याचे मला नेहमी नवल वाटते.

दुसरा माणूस मार्क. तो पंफुल्याहून पौलाला अर्ध्या कामात सोडून गेला. पुढच्या फेरीत त्याला घ्यायला पौल तयार नव्हता, आणि त्यावरून पौल व बर्णबा यांची फारकत झाली. पण शेवटच्या दिवसांत तुरुंगातून पौल तीमथ्याला लिहितो की मार्काला बरोबर घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत बर्णबाने त्याला सोबत ठेवले होते. अर्धवट काम सोडून आलेल्या आपल्या मुलाला पुन्हा उभे करायचे तर बर्णबासारखा कोणीतरी लागतो. मंडळीत असे किती जण आहेत?

देणाऱ्या हातांसाठी

हा पाठ इथवर तरुणांसाठी होता. पण हे पत्रक वाचणारे पुष्कळसे लोक स्वतः कोणाला तरी कामावर ठेवतात. दवाखाना, दुकान, शेत, घरची धुणीभांडी. आपली मुलगी कामाला लावा, असे आम्ही तुम्हालाच सांगतो.

अनुवादाच्या १५ व्या अध्यायात सहा वर्षे सेवा केलेल्याला सातव्या वर्षी मोकळे करण्याचा नियम आहे, आणि लगेच पुढे सांगितले आहे की त्याला रिकाम्या हाताने पाठवू नको, कळपातून, खळ्यातून, द्राक्षकुंडातून दे. जाणारा गडी आपले नुकसान करून चालला आहे, हा मालकाचा पहिला विचार असतो. नियमशास्त्र तिथेच त्याचा हात धरते. आपल्या घरी चार वर्षे काम करणाऱ्या बाई नवीन काम मिळाले म्हणून सांगायला येतात तेव्हा आपले तोंड कसे होते? लाबानाचे तोंड पूर्वीसारखे राहिले नव्हते, असे शास्त्र नोंदवते. गड्याला ते लगेच कळते. नीट सांगायला आलेल्या माणसाला आपण घालूनपाडून बोललो, महिन्याचा पगार पुढे ढकलला, तर पुढच्या वेळी ती बाई सांगायला येणार नाही. रात्रीतून निघून जाण्याची रीत आपणच तिला शिकवलेली असेल.

शमुवेल म्हातारपणी कारभार सोडताना लोकांसमोर उभा राहिला आणि विचारले की मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाला लुबाडले, सांगा, मी परत देतो. लोक म्हणाले, काही नाही. आपल्याकडचे किती पंच, किती विश्वस्त, किती वसतिगृहप्रमुख जाताना असे विचारतात?

गिलादाच्या डोंगरात शेवटी लाबान आणि याकोब यांनी दगडांची रास केली, शपथ घेतली आणि तिथेच बसून एकत्र जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी लाबानाने लेकी-नातवंडांचे मुके घेतले, त्यांना आशीर्वाद दिला आणि तो आपल्या वाटेने गेला. दोघांपैकी कोणीही चूक कबूल केली असे लिहिलेले नाही. तरी बैठक झाली, जेवण झाले.

सभेत बोलण्यासाठी

तरुण संघात हा पाठ घेताना दोघांना उभे करून राजीनाम्याचे बोलणे प्रत्यक्ष करून पाहावे. एक कोलाम मुलगा आणि एक रागीट साहेब. नंतर त्यांची जागा बदलावी. महिला सभेत अनुवाद १५ वाचून प्रत्येकीने आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंचे पूर्ण नाव आणि त्यांच्या मुलांची इयत्ता सांगावी. ज्यांना सांगता येणार नाही त्यांनी पुढच्या सभेआधी विचारून यावे. आणि ज्यांच्याकडे जुन्या कामाच्या ठिकाणची एखादी वस्तू, वही किंवा किल्ली अजून आहे, त्यांनी ती पाडव्याआधी परत नेऊन द्यावी.

प्रार्थनेसाठी: या पाडव्याला ज्या सालगड्यांचे साल संपते त्यांचा हिशेब न्यायाने व्हावा म्हणून. नवीन ठिकाणी रुजू होणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी. आणि गेल्या दिवाळीनंतर कामावर परत न गेलेल्या, अजून फोन न उचलणाऱ्या दोघांसाठी. त्यांना भेटायला आम्ही या महिन्यात पोडावर जात आहोत.